पौषातली गाभोळी

गावाखालच्या डोहात मासे धरणाऱ्या भोयांचा एक नेम होता. पोटात गाभोळी, म्हणजे अंडी भरलेली पहिली मासळी जाळ्यात आली, की ती परत पाण्यात सोडायची आणि जाळं बंद करायचं. पुराबरोबर मासळी वर चढे, अंडी घाली. काठाला बोटाएवढी पिल्लं दिसली की जाळं पुन्हा मोकळं. हे सारं पावसाळ्याच्या तोंडाला व्हायचं.

डोहाच्या काठी कापसातली सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना आला, त्या वर्षी गाभोळी पौषातच आली. बॉयलरचं ऊन पाणी रात्रंदिवस डोहात पडत होतं. शिवारभर कडाक्याची थंडी आणि बायका कोमट पाण्यात खुशाल धुणी धूत. मासळी दोन महिन्यांत जाडजूड झाली होती.

आमच्या शेजारच्या भोईकाकांनी हातातली मासळी निरखून पाहिली. "आता? हिले वर चढाले पूर कुठी हाय?" पण नेम तो नेम. त्यांनी ती सोडली, जाळं गुंडाळलं.

काकू कडाडल्या, "मासोयीले पौषात डोहाळे लागले, तं आपल्या चुलीनं काऊन उपाशी राहाव?"

मी तेव्हा पत्रकं वाचून पेटलेला. डोह मारला जातो आहे, असं पत्रक छापून मी थेट जिनात गेलो. मुनीम पोट धरून हसला. "काऊन बे, एक तरी मासोयी मेली का? तुह्यापरीस जाड झाल्या त्या!"

मी नागपूरच्या सरकारी कचेरीत अर्ज धाडला, त्याला उत्तर आलं नाही. मेलेला मासा दाखवता येईना, म्हणून माझं म्हणणं खोटं. नाश पटायला यांना प्रेतच लागतं, याचा संताप अजून जात नाही.

काका तोवर दुसऱ्याच्या शेतात राबले. पूर आला, ओसरला. श्रावणात आम्ही दोघांनी उथळ पाण्यात धोतर धरून पिल्लं शोधली. धोतरात शेवाळ आणि बेडकांची पोरं. तीन दिवस तेच.

चौथ्या दिवशी काकांनी पिल्लांची वाट न पाहता जाळं टाकलं. निघालेल्या एका मोठ्या मासळीचं पोट चिरलं. गाभोळीच्या जागी सुकलेली, पिवळट कातडी तेवढी होती.

"पोटातच जिरली, बापू. पूर आला तवा घालाले काईच नोतं."

बाजारात त्या जाड मासळीवर लोकांच्या उड्या पडल्या. लहान मासळी मात्र टोपलीत एकही का नव्हती, हे कोणी विचारलं नाही.

त्यानंतर काकांनी जाळं कधी बंद ठेवलं नाही. नेम पाळा, असं मीही म्हणालो नाही. डोहात उरलेली मासळी ते रोज काढत राहिले.