रोडग्यांचा नवस

कोरडा घास माझ्या छातीत अडकायचा. भात-वरण जायचं, पण पोळी मध्येच कुठेतरी थांबायची आणि घोट घोट पाणी पिऊनही हलायची नाही. एका डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हटलं. दुसऱ्यांनी दुर्बीण घातली, आत काही दिसलं नाही, तेव्हा म्हणाले, मनाचं आहे. घरचे म्हणाले, नखरे आहेत. अंगावरचे ब्लाऊज ढगळ झाले, तरी कुणाला काही वाटेना. मारुतीपुढे दिवा लावताना मी चक्क भांडायचे, तू तरी ऐकतोस का? एखादा धड डॉक्टर तरी गाठून दे!

सासूबाईंनी त्यातही कळस केला. मला जेवण जावं म्हणून मारुतीला नवस बोलल्या, तोही रोडग्यांचा! गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले ते कणकेचे टणक गोळे. जिच्या गळ्याखाली पोळी उतरत नाही, तिच्यासाठी रोडगे! वर म्हणतात कशा, "पयला परसाद तुलेच खा लागते. पानात टाकाचा नाई."

कोरपन्याजवळच्या आमच्या गावात, मारुतीच्या पटांगणात पंगत बसली. रोडगा वरणात कुस्करला, तरी दुसऱ्याच घासाला अडकला. डोळ्यांतून पाणी आलं. इतकी चीड आली की पान उधळून उठावंसं वाटलं.

शेजारी माजरीहून पाहुणी आलेली एक बाई जेवत होती. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, गिळताना मान अशी वाकडी काऊन करता? माही पोरगी अशीच करे. तिले तर दमही लागे. दमा हाय म्हणून दवा देत राह्यले, अन् निंगाली जल्माची वाकडी नस. छातीचा सिटी स्कॅन करून घ्या."

मान वाकडी होते हे मलाच ठाऊक नव्हतं.

नागपूरला स्कॅन झाला. उजव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी जन्मापासूनच अन्ननलिकेच्या मागून गेली होती आणि तिला दाबत होती. डॉक्टर म्हणाले, असा दोष कुणाचा घास अडवतो, कुणाचा श्वास, आणि कित्येकांना जन्मभर काहीच होत नाही. आजाराला नाव मिळालं, तेव्हा मी तिथेच रडले. मी खोटी नव्हते.

ऑपरेशननंतर काही दिवस पातळच खायचं होतं. मग एके सकाळी ज्वारीची भाकर खाल्ली. घास सरळ खाली गेला. मी पुढचा घास हातातच धरून बसून राहिले.

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सासूबाई गावभर सांगतात, नवस पावला. मी वाद घालत नाही. मारुतीशी भांडण मात्र सुटलेलं नाही, स्वभावच तो. फक्त आता त्याला दुखणं तेवढं सांगते, उपाय सुचवत नाही.