चुकलेला भागाकार

डोंबिवलीत फिजिक्सचा मास्तर निवृत्त झाला की त्याला कुठली तरी व्याख्यानमाला गाठतेच. मी मात्र 'सूर्यावरची वादळे' हा विषय मागून घेतला. मला एक चूक निस्तरायची होती.

सूर्याच्या प्रभामंडलातून तप्त, विद्युतभारित वायूचे ढग उसळतात. ते सुटताना ज्या वेगाने निघतात त्याच वेगाने पृथ्वीपाशी येतात, असं मी जादा तासांना बावीस वर्षं सांगितलं. अंतर भागिले वेग, उत्तर तासांत. त्या नोट्स झेरॉक्स होत होत ठाकुर्लीच्या एका क्लासपर्यंत गेल्या. तिथे शिकवणारी माझी जुनी विद्यार्थिनी दुसऱ्या रांगेत वही उघडून बसली होती.

वेळ रविवारी सकाळी दहाची. दीपप्रज्वलन, प्रायोजकांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. अध्यक्ष सूर्यनमस्कारावर पाऊण तास बोलले. मला माइक मिळाला तेव्हा पावणेबारा झाले होते. बाराला हॉल सोडायचा होता, पुढे कोणाचं तरी डोहाळजेवण होतं.

आकृत्या पिशवीतच ठेवल्या. सांगितलं की सौरडागांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात किती ऊर्जा साठली आहे आणि वरच्या चुंबकीय रेषा किती दाबून धरतात, यावर ढगाचा सुरुवातीचा जोर ठरतो. पण वाटेत सूर्याकडून सतत वाहणारा कणांचा झोत, म्हणजे सौरवारा असतो. वेगवान ढगाला तो मागे ओढतो, रेंगाळणाऱ्याला पुढे रेटतो. आधी एखादा ढग वाट मोकळी करून गेला असेल तर मागचा कमी अडतो. तेव्हा मी शिकवलेला भागाकार चुकीचा होता.

टाळ्या पडल्या. केवढी ही नम्रता, असं अध्यक्ष माइकवर म्हणाले. सभागृहात फक्त दुसऱ्या रांगेतल्या त्या विद्यार्थिनीने टाळी वाजवली नव्हती.

नंतर ती व्यासपीठापाशी आली. "सर, खरंच चुकलात, की म्हणायचं म्हणून म्हणालात?"

"खरंच."

"उद्या मुलांची त्यावरच चाचणी आहे. पेपर छापून झालाय."

प्रश्न रद्द कर, म्हटलं. ती नाही म्हणाली. उद्या नव्याने शिकवणार, चाचणी मंगळवारी घेणार. "पण चूक कोणाची, हे तुमचं नाव घेऊन सांगेन हं."

मी हो म्हटलं. एवढ्यात फुलांनी सजवायचा झोपाळा आत आणू लागले. त्याला वाट देत आम्ही जिन्यावर आलो. तिथे तिने वहीत उतरवलेलं मला वाचून दाखवलं. सौरवारा बरोबर लिहिला होता.