कैरो ते कराची, जगदेवच्या हिशेबानं

रिठदचा जगदेव गाडीवान. गावात कोणाकडे पाहुणा यायचा असला, की स्वयंपाकाला कधी लागायचं ते त्याला विचारून ठरे. वाशीमहून निघालेली गाडी बैल कुठं सोडणार, कुठं पाणी पाजणार, हे मनात मांडून तो सांगे, "मळा आता कणीक." कणीक मळून होते न होते तोच गाडी वेशीत दिसे. अशा मानाची माणसाला सवय लागते. जगदेवलाही लागली होती.

लढाई संपली त्या साली त्याच्या रुख्मिणीचं लग्न आसेगावच्या रामरावांच्या मुलाशी ठरलं. तारीख तेवढी राहिली होती. मुलीला बोहल्यावर न्यायचं मामानं, आणि मामा, म्हणजे जगदेवच्या बायकोचा, प्रयागबाईचा एकुलता भाऊ इंद्रभान, फौजेत मिस्त्री होऊन कैरोत बसलेला. त्याचा निरोप आला : कार्तिकी पुनवेला कैरोहून विमानात बसतो, कराचीला उतरतो.

कापडवाल्या रऊफमियांनी वर्तमानपत्र वाचून सांगितलं, "सव्वादोन हजार मैलांचा पल्ला हाये, जगदेवभाऊ. दोन दिवसांत कराची."

"अन् इमान मधात सोडत नाहीत काय कुठी?"

"उतरते ना. तेल भराले."

"मंग झालं. खाल्ल्यापेल्यावर लगेच कोणतं जनावर उठते?"

"थे जनावर नाही बापा, मशीन हाये."

"तुमी कापड मोजा, रऊफमिया. रस्ता मले मोजू द्या."

जगदेवनं विमानाला जागोजाग मुक्काम दिले, अरबस्तानात वैरणीची पंचाईत म्हणून एक वाढवला, आणि मार्गशीर्षातला मुहूर्त रामरावांना कळवला. अक्षता वाटून झाल्या.

पुनवेनंतर आठवडा व्हायच्या आत इंद्रभान दारात उभा. प्रयागबाईनं आधी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, मग रजा किती ते विचारलं. रजा पंधरा दिवसांची, तीही येण्याजाण्यासकट. मुहूर्त तिच्यापलीकडे.

बाई नवऱ्याशी बोलेनाशी झाली. जगदेव तारीख अलीकडे घ्या म्हणून आसेगावला गेला.

"अक्षता गावोगाव गेल्या, व्याहीबुवा," रामराव सुपारी कातरत म्हणाले. "लग्न का तुमचे बैल हायेत, सोडले अन् जुपले? तुमचं इमान दमलं नाही, त्याले आमी काय करावं?"

जगदेव खाली मान घालून परतला. हकीकत ऐकून प्रयागबाई एवढंच बोलली, "मंग पोरीले आजच नेऊ द्या त्याले."

मांडव नव्हता, नवरदेव नव्हता. अंगणात पाट मांडला. इंद्रभाननं भाचीला हाताला धरून आणलं आणि पाटावर बसवलं. शेजारणींना हसावं की डोळे पुसावे कळेना, त्यांनी दोन्ही केलं. दुसऱ्या दिवशी जगदेवनंच मेव्हण्याला वाशीमच्या स्टेशनावर पोचवलं. वाटेत दोघं तुरीबद्दल बोलले.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. रुख्मिणी एकटीच चालत बोहल्याकडे आली. मामा कुठी, असं आसेगावच्या बायांनी विचारलं तर म्हणाली, "थो पयलेच नेऊन गेला."

मंगलाष्टकं चालू असताना प्रयागबाई नवऱ्याच्या कानाशी लागली. "अजी, भाऊ आता कुठीसा असन?"

जगदेवची बोटं सवयीनं पेरांवर फिरली आणि थांबली.

"नाही सांगता येत," तो म्हणाला.