रांगेतली भाड्याची माणसं

कंपनीने मुद्दाम माल कमी काढला, तर तुम्ही कोणावर चिडता? कंपनीवर, की रांगेत तुमच्या पुढे उभ्या असलेल्या माणसावर?

घाईने उत्तर देऊ नका. मला कोणी विचारलं असतं तर मीही छाती पुढे काढून 'कंपनीवर' असंच म्हणाले असते. माझे आई-बाबा दोघंही महापेच्या एका कारखान्यात होते. आई पॅकिंगला, बाबा मशीनवर आणि उरलेल्या वेळात युनियनच्या कामात. शाळेतून आलं की तुर्भ्याच्या प्रेसमधून आलेल्या पत्रकांच्या घड्या घालायच्या, हा माझा गृहपाठाच्या आधीचा उद्योग होता. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे शब्द मी बाराखडीबरोबरच वाचायला शिकले. अशा घरातली मुलगी स्नीकर्स गोळा करते हे ऐकून बाबांचे जुने सहकारी हसायचे. "भांडवलदाराचे जोडे सांभाळतेस होय गं?" मी म्हणायचे, "काका, जोडे बनवतो तो कामगारच."

ते काही नुसतं तोंड चालवणं नव्हतं. मला जोड्यांचं खरंच वेड आहे. शिवणीचा टाका, सोलची कड, नव्या कातड्याचा वास. नोकरी लागल्यापासून एकेक जोडी जमवत गेले. घणसोलीच्या आमच्या वन बीएचकेत कपाटावर खोके आणि पलंगाखालीही खोके. आई म्हणते, "आपल्या घरात माणसं तीन आणि पाय शंभर."

पण आवडीची जोडी मिळवणं ही आता साधी खरेदी राहिलेली नाही. जिची महिनोन् महिने जाहिरात चालते, त्या जोडीचा माल कंपनी मूठभरच सोडते. अ‍ॅपवर वेळ जाहीर होते, तुम्ही अंगठा तयार ठेवून बसता, बटण उघडतं आणि त्याच क्षणी 'संपलं' असं झळकतं. थोड्या वेळात तीच जोडी दुसऱ्या अ‍ॅपवर कितीतरी पट भावाने दिसते. सॉफ्टवेअर लावून माल उचलणारे आणि चढ्या दराने विकणारे हे रिसेलर कंपनीला माहीत नसतात असं नाही. तिला ते चालतात. जितके जास्त लोक हात हलवत परत जातात, तितकी पुढच्या जोडीची हाव वाढते.

वाशीतलं एक दुकान मात्र अशा जोड्या फक्त दुकानातच विकायचं. सकाळी रांग, प्रत्येकाला एक चिठ्ठी, चिठ्ठ्या डब्यात. ज्याची निघेल त्याला एक जोडी. मला ते न्यायाचं वाटायचं. मग रिसेलर तिथेही पोहोचले, पण स्वतः नाही. कळंबोलीच्या नाक्यावर कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या मजुरांना ते टेम्पोत घालून आणायचे आणि आमच्या रांगेत उभं करायचे. जितकी माणसं, तितक्या चिठ्ठ्या. लागोपाठ तीनदा मी रिकाम्या हाताने परतले.

तिसऱ्यांदा घरी आले आणि पत्रक लिहिलं. मला दुसरं येतं काय? 'खऱ्या स्नीकरप्रेमींनो, जागे व्हा! भाड्याच्या माणसांना रांगेबाहेर काढा! ज्याला जोडीचं नावही सांगता येत नाही, त्याला चिठ्ठी कशाला?' स्नीकर्स जमवणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर टाकलं. ते बघता बघता सगळीकडे फिरलं. दुकानाने ते स्वतःच्या पेजवर लावलं आणि वर लिहिलं, 'आपली मागणी मान्य.' बाबांच्या पत्रकांना मालकाकडून साधं उत्तर यायलाही वर्षं लागायची. माझं दोन दिवसांत मान्य झालं. तिथेच मला शंका यायला हवी होती. मी मिठाई आणली.

पुढच्या रविवारी नव्या जोडीसाठी मी आईला घेऊन रांगेत गेले. दोन माणसं, दोन चिठ्ठ्या. आई भाड्याची नव्हती, घरची होती. तेवढा फरक मला पुरेसा वाटला. तरी तिला बजावलं, "जरा मागे उभी राहा. आपण एकत्र आहोत असं दिसायला नको."

आई चार माणसं सोडून मागे उभी राहिली. तिच्या शेजारी नाक्यावरून आणलेली एक बाई होती. आईला कोणाशी न बोलता उभं राहणं जमत नाही.

"कुठली गं तू?"

"जिंतूरकडची."

"अगं बाई, मी सेलूची!"

मग चपाती-चटणीचा डबा उघडला गेला.

"ताई, हितं मिळतंय काय?" बाईने विचारलं. "मला नुसतं उभं राहा म्हणले."

"जोडे."

"जोड्यांसाठी येवढी रांग? मला वाटलं राशन असंल."

"राशनच्या रांगेत कोण एवढं नटून येतं का गं?"

दोघी खळखळून हसल्या. पुढची पोरं वळून बघायला लागली. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

चिठ्ठ्या निघायला लागल्या. रांगेत कोणालाच अडवलं नव्हतं; जोडीचं नाव विचारणार ते चिठ्ठी निघाल्यावर, हे तिथेच कळलं. माझी निघाली नाही. त्या बाईची निघाली. ती पुढे गेली तेव्हा मॅनेजरने काचेमागची जोडी दाखवून विचारलं, "हिचं नाव काय, मावशी?"

"पांढरी हाय की," बाई म्हणाली.

दुकान हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "भाड्याची आहे, बाहेर काढा!" शब्द माझेच होते. सिक्युरिटीवाल्याने तिला दाराबाहेर नेलं.

पुढची चिठ्ठी आईची.

"आंटी, तुम्ही सांगा. नाव काय हिचं?"

आईने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. आपण ओळखीचे दिसायला नको, असं मीच सांगितलं होतं ना. ती काचेमागच्या जोडीकडे बघत राहिली.

"किती मिळाले आंटी, उभं राहायचे?" एक पोरगा म्हणाला. पुन्हा हशा. सिक्युरिटीवाला तिच्या दिशेने यायला लागला.

"ती भाड्याची नाहीये!" मी ओरडले. "माझी आई आहे ती!"

दाराबाहेर थांबलेल्या बाईने काचेतून माझ्याकडे पाहिलं. तिला ऐकू गेलं होतं. आई भाड्याची नाही, म्हणजे कोण भाड्याचं, हे मी त्या एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

"अरे, मग आधी सांगायचं ना!" मॅनेजर म्हणाला. ग्रुपमधल्या कोणीतरी माझी ओळख करून दिली, पत्रकवाली हीच. मॅनेजरने हात मिळवला. "तुमच्यामुळे सिस्टिम क्लीन झाली, मॅडम." आणि बिल करायला घेतलं.

"आणि ती?" आईने दाराकडे बोट केलं. "तिची चिठ्ठी निघाली होती की."

"ती जेन्युइन नाही, आंटी."

"मला तरी कुठं नाव आलं?"

मॅनेजर माझ्याकडे बघून हसला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर आपण समवयस्क हसतो तसा. मीही हसले. आणि जोडी घेतली.

बाहेर आलो तेव्हा टेम्पोवाला त्या बाईवर खेकसत होता. "निघालेली चिठ्ठी घालवलीस! आता कसली मजुरी मागतेस?" आई थांबली. मी तिचा हात धरून तिला स्टॉपकडे ओढलं, कारण बस येत होती. खरं तर बस दहा मिनिटांनी आली.

बसमध्ये खोका आईच्या मांडीवर होता. कोपरखैरणे मागे पडलं तेव्हा तिने विचारलं,

"ते भाड्याची माणसं, ते तू लिहिलंस?"

"हो."

"आम्ही संपात कारखान्याच्या गेटवर बसायचो तेव्हा साहेब हेच म्हणायचा. ह्या बायका कामगार नाहीतच, युनियनने भाड्याने आणून बसवल्यात."

एवढंच. रागावली नाही. ती रागावली असती तर मी भांडले असते, आणि भांडताना मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी रिसेलच्या अ‍ॅपवर तीच जोडी दिसायला लागली. एका मागोमाग एक, सगळ्या मापांत, त्याच वाशीच्या दुकानाच्या बिलासकट. बिलांवरची वेळ दुकान उघडायच्या आधीची होती. डब्यात आमच्यासाठी उरलंसुरलं टाकलं होतं, आणि त्या उरल्यासुरल्यासाठी मी जिंतूरच्या एका बाईची दिवसाची मजुरी बुडवली. दुकानाच्या मालकाला माझं पत्रक का आवडलं, ते तेव्हा कळलं. त्याच्या मागच्या दाराबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

पत्रक मी काढून टाकलं. पुढे गेलेलं मात्र परत येत नाही, ते अजून फिरतंय. तुमच्या ग्रुपवर आलं तर पुढे पाठवू नका. आणि अशा रांगेत पुन्हा उभे राहाल तेव्हा, चिठ्ठ्या वाटायच्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: एकूण जोड्या किती आल्या आणि आमच्या आधी कोणाला दिल्या? उत्तर मिळेपर्यंत चिठ्ठी घेऊ नका. शेजारी नाक्यावरून आणलेलं कोणी उभं असेल, तर त्यांनाही हा प्रश्न विचारायला सांगा.