पाचवा आवाज

तो भोकरदनकडचा, विहिरींत सुरुंग लावणारा. नव्वदच्या आसपास जालन्यात मी मनोविकारांचा दवाखाना नुकताच थाटला होता, तेव्हा एकदाच आला. बाहेर ट्रकचा फाळका आदळला तसा त्याचा अंगठा आपसूक करंगळीच्या पेरावर गेला. पुढच्या आवाजाची वाट बघत तो बोलायचा थांबला.

मग म्हणाला, "पाच सुरुंग पेटवले, पाच आवाज मोजले. मंग मीच जोडीदाराला म्हन्लो, उतर बिनघोर. पाचवा आवाज शेजारच्या हिरीवरचा व्हता, साहेब. तो खाली गेला अन् आमचा पाचवा फुटला."

झोप नाही, रोज तेच स्वप्न, दोन वर्षं विहिरीकडे फिरकला नव्हता. निदानाच्या पुस्तकातल्या आघाताच्या आजाराची सगळी लक्षणं जुळत होती. फक्त पहिली अट राहिली होती: घटना माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडची हवी. मी मोठ्या शहाण्यासारखं विचारलं, "तुमच्या कामात असं होतं का कधी?"

"होऊनच राह्यलं की. आमच्यात बिलकुल नेहमीचं हाय."

मी त्या अटीपुढे 'नाही' लिहिलं, झोपेच्या गोळ्या दिल्या आणि त्याला वाटेला लावलं.

काही वर्षांनी पुस्तकाची नवी आवृत्ती आली. तज्ज्ञांनी ती अटच काढून टाकली होती. मी जुने कागद उपसले, त्याचाही सापडला. पत्त्याची जागा कोरी होती. आजारच नाही, तर पत्ता कशाला घ्यायचा, असं मला तेव्हा वाटलं असणार.