कुलूप कोणी ठरवायचं

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे आमच्या संघटनेची एक खोली होती. खुर्च्या दोनच, म्हणून आम्ही पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसायचो. तिथला शाईचा वास अजून आठवतो. दोन हजार सालानंतर तिथे एक जुना संगणक आला. टीव्ही दुरुस्त करता करता संगणक शिकलेले चाचा त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बसले.

त्या दिवशी गडचिरोलीकडच्या एका जंगलगावातून एक म्हातारी बाई आणि तिची दहावी झालेली सून आल्या होत्या. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकांच्या तक्रारी सुनेने वहीत उतरवल्या होत्या. त्या संगणकात घालून वही चुलीत टाकायची होती. तक्रार कोणाची हे कळलं, की ठेकेदाराचा मुन्शी तिचे पानांचे पुडे नाकारायचा. हंगामाची मेहनत वाया.

मध्येच पडद्यावर प्रश्न आला. चाचा म्हणाले, "सगळ्या माहितीले कुलूप लावाचं का, विचारून राह्यला. आपली मर्जी. सगळे नकोच म्हणतेत. पासवर्ड विसरला, तर मीबी उघडू शकत नाई."

"नकोच!" मी उसळलो. "आपलं सगळं उघड. कुलपं मालकांना लागतात. बाई, तुमच्या गावात आहे का एक तरी कुलूप? घरी कोणी नसलं, तर दाराला आडवी काठी लावता, बस."

"काठी गावाले समजते," बाई म्हणाली. "मुन्शाले समजते का? अन् तुह्यं नाव हाय का त्या वहीत?"

"नाही."

"मंग तू काऊन ठरवून राह्यला?"

चाचा खो खो हसले. "आता बोला, नेते!"

जंगल ज्यांचं, निर्णय त्यांचा, असं मीच पत्रकांत छापत आलो होतो. माझे कान तापले. बाईने कुलूप लावायला सांगितलं, आम्हा दोघांना बाहेर ओट्यावर काढलं आणि सुनेने पासवर्ड टाकला.

पुढे संगणक उघडायला सुनेची वाट बघावी लागे. तिची जीप चुकली की माझं पत्रक रखडे. मी चिडायचो, चाचा त्याच ओट्यावर चहा पाजायचे. किती दुपारी तशा गेल्या!

हंगामात एकदा मुन्शी खोलीवर आला. गोड बोलून तक्रार करणाऱ्या बायकांची नावं विचारू लागला. मी त्याला खुर्ची दिली, संगणक सुरू केला आणि पासवर्ड मागणारी चौकट दाखवली.

"मलेच उघडता येत नाई, भाऊ," मी म्हणालो. इतकं खरं मी त्याच्याशी कधीच बोललो नव्हतो.