धूळ नाई, राख
आज पेटीतून ती पांढरी शाल काढली आणि जळक्या कोंड्याचा वास नाकात शिरला. नव्वदच्या दशकात मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होते. मूल गावाकडच्या राइस मिलमधून कोंडा जाळल्याची काळी राख उडायची, विहिरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर, जेवणाच्या ताटात पडायची. माझा प्रबंध त्या राखेवर होता. त्याला बक्षीस मिळालं, पुढच्या संशोधनाला स्कॉलरशिपही, आणि दोन्ही देणारा एक मिलमालकच! कार्यक्रम मिलच्याच अंगणात, वरून राख झडत होती. मला शाल पांघरून शेठ माइकवर म्हणाले, "या पोरीनं धुळीवर लय चांगलं काम केलं." माझं डोकंच फिरलं. माइक ओढून म्हटलं, "शेठ, धूळ नाई, राख. तुमच्या मिलची." शेठ हसत कानाशी आले, "धूळच म्हण ना बाई. धुळीले स्कॉलरशिप भेटते, राखेले नाई." "मंग ठेवा तुमच्यापाशीच," म्हणत मी खाली उतरले. स्कॉलरशिप गेली ती गेलीच. अंगावरची शाल तेवढी राहिली, ती मी कधी धुतली नाही. आज झटकली तर फरशीवर काळे कण पडले. लेक म्हणाली, "आई, किती धूळ गं!" मी अशी ओरडले की ती दचकलीच, "धूळ नाई, राख म्हण!"